हापूसच्या पेटीवरची लिंक: टूल निवडीच्या आणि चुकांच्या नोंदी

काम: देवगड-रत्नागिरीकडून थेट ग्राहकांना हापूस पाठवणाऱ्या एका विक्रेत्यासाठी पेटीवरचे क्यूआर, व्हॉट्सअ‍ॅप ऑर्डरची लिंक आणि मराठी एसएमएसमधली लिंक, हे सगळं एका ठिकाणाहून सांभाळणं. हंगाम मार्चमध्ये सुरू. हातात साडेतीन महिने.

१७ नोव्हेंबर २०२५

आधी मोजदाद. गेल्या हंगामात पाच ठिकाणी लिंक छापल्या होत्या: पेटी, पावती, गाडीवरचा फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड आणि पेटीतला 'आंबा कसा पिकवावा' हा कागद. त्यातल्या तीन थेट वेबसाइटच्या पानांवर जात होत्या. दिवाळीत साइट नव्याने बांधली तेव्हा पानांचे पत्ते बदलले आणि तिन्ही मेल्या. उरलेल्या पेट्यांची छपाई वाया. नवीन पेट्या मागवायच्या आधी हे काम हाती घेतलं, ते यासाठी.

यंदाची गरज: साधारण ६० लिंक. ४० बागेच्या लॉटसाठी, बाकी ऑर्डर, चौकशी, पिकवण्याची माहिती, नकाशा, तक्रार. क्लिक मोजायचे आहेत, पण महिन्याला काही हजारांच्या वर जाणार नाहीत. म्हणजे मोठं टूल नकोच.

२० नोव्हेंबर

लिंक छोटी करून देणाऱ्या तयार सेवा पाहिल्या: बिटली, रीब्रँडली, शॉर्ट डॉट आयओ, डब. चौघांतही स्वतःचं डोमेन जोडता येतं. कुठल्या योजनेत किती लिंक, किती क्लिक, हे आकडे सारखे बदलतात, म्हणून इथे लिहीत नाही. निवड करताना विचारायचे प्रश्न मात्र टिकाऊ आहेत:

पैसे भरणं थांबवलं की छापलेल्या लिंकचं काय होतं? (हा प्रश्न सपोर्टला लेखी विचारा. दोन ठिकाणी उत्तराऐवजी योजनांचं पान मिळालं.) छापल्यानंतर लिंकचं ठिकाण बदलता येतं का, आणि ते कुठल्या योजनेत? सगळ्या लिंकची यादी सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) उतरवता येते का? रिडायरेक्टचा (छोट्या लिंकवरून खऱ्या पत्त्यावर वळवण्याचा) कोड, ३०१ (कायमचं) की ३०२ (तात्पुरतं), आपल्या हातात आहे का? मोफत योजनेत मध्येच जाहिरातीचं किंवा 'तुम्ही पुढे जात आहात' असं पान येतं का?

गूगलच्या छोट्या लिंकचं उदाहरण समोर होतंच. २००९ मध्ये सुरू झालेली ती सेवा बंद करण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली. २०२४ मध्ये सांगितलं की २५ ऑगस्ट २०२५ नंतर लिंक चालणारच नाहीत. मग अगदी शेवटी, वापरात असलेल्या लिंक चालू राहतील असा खुलासा आला. फायरबेस डायनॅमिक लिंक्स तर त्याच तारखेला बंद झाल्या. खोक्यावर दुसऱ्याचं डोमेन छापलं की आपण त्याच्या मर्जीवर.

म्हणून आजचा निर्णय फक्त एवढा: स्वतःचं डोमेन घ्यायचं, टूल नंतर ठरवायचं. टूल चुकलं तर एका संध्याकाळी बदलता येईल. छापलेलं डोमेन बदलता येत नाही.

२६ नोव्हेंबर

सहा अक्षरी डॉट इन डोमेन घेतलं. पाच वर्षांचे पैसे एकदम भरले, सुमारे ४,००० रुपये. खातं विक्रेत्याच्या स्वतःच्या ईमेलवर उघडलं, आमच्या नाही. डोमेन एजन्सीच्या नावावर राहतं आणि दोन वर्षांनी भांडण होतं, हा प्रकार नेहमीचा. नूतनीकरण चुकून डोमेन सुटलं तर कुणीही ते विकत घेईल आणि आपल्याच पेटीवरचा क्यूआर भलत्याच पानावर नेईल.

मुख्य वेबसाइटचंच उपडोमेन का नाही घेतलं? लांबी. क्यूआर आणि एसएमएस दोन्हीकडे एकेका अक्षराला किंमत आहे, पुढे हिशेब येतोच. उपडोमेन असेल तर सीनेम नोंद (हे नाव त्या दुसऱ्या नावाकडे पाहा, अशी) करून भागतं. मूळ डोमेनला सीनेम चालत नाही, ए नोंद (थेट सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे आकडी पत्ता देणारी) लागते. तयार सेवा वापरायची असेल तर ती ए नोंदीसाठी आयपी पत्ता देते का, तेही आधी पाहा.

२ डिसेंबर

पहिली चाचणी यूअर्ल्सची, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर चालवायच्या लिंक छोटी करणाऱ्या सॉफ्टवेअरची. पीएचपी आणि मायएसक्यूएल, साध्या शेअर्ड होस्टिंगवरही चालतं. कॉन्फिग फाइल भरून तासाभरात चालू.

मग गोंधळ. एका लिंकचं ठिकाण बदललं, लॅपटॉपवर नवीन पान उघडलं, पण चाचणीच्या तीन फोनवर जुनंच पान. डीएनएस, होस्टिंगची कॅशे, प्लगइन असं सगळं तपासण्यात तीन तास गेले. कारण साधं निघालं: यूअर्ल्स मुळात ३०१ पाठवतं. ३०१ म्हणजे 'कायमचं हललं', आणि फोनचा ब्राउझर ते लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तो आपल्या सर्व्हरकडे येतच नाही, थेट जुन्या पत्त्यावर जातो. त्यामुळे ठिकाण बदललेलं त्याला कळत नाही आणि त्याच माणसाचा दुसरा क्लिकही मोजला जात नाही. लॅपटॉपवर बरोबर दिसलं ते तिथे खासगी खिडकीत उघडलं होतं म्हणून.

हा यूअर्ल्सचा दोष नाही. वेबसाइट एका डोमेनवरून दुसरीकडे हलवताना ३०१ च हवा. पण पेटीवरच्या क्यूआरचं ठिकाण हंगामात तीनदा बदलणार असेल तर ३०२ हवा, जोडीला 'साठवू नका' असा कॅशेचा हेडर. प्लगइन टाकून यूअर्ल्समध्येही हे जमतं. ज्या फोनवर ३०१ एकदा बसला, त्याची साठवण पुसल्याशिवाय तो सुधारत नाही. हे छपाईनंतर कळलं असतं तर काही इलाज नव्हता.

५ डिसेंबर

श्लिंक हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर डॉकरवर (कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात सॉफ्टवेअर चालवणाऱ्या व्यवस्थेवर) चढवलं. १ जीबीचा सर्व्हर, महिना ५०० रुपयांच्या आसपास. मुळातच ३०२ देतं. क्लिकमधला आयपी पत्ता पूर्ण साठवत नाही, शेवटचा आकडा शून्य करतं. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ मनात ठेवला तर हे बरंच. समोर एनजिनएक्स (येणारी प्रत्येक विनंती आधी घेणारा वेब सर्व्हर), सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं.

पहिल्या दिवशी सगळे क्लिक एकाच आयपीवरून दिसले. एनजिनएक्समधून खरा पत्ता पुढे पाठवणारा हेडर राहिला होता. दोन मिनिटांचं काम.

९ डिसेंबर

श्लिंकची नवी आवृत्ती घेतली, जुना कंटेनर काढून नवा चालू केला, आणि ३१ लिंक गायब.

डेटाबेस वेगळा सांगितला नाही तर श्लिंकची डॉकर प्रतिमा एसक्यूलाइटची (एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसची) फाइल कंटेनरच्या आतच ठेवते. कंटेनर गेला की फाइल गेली. कागदपत्रांत हे लिहिलेलं आहे, वाचलं नव्हतं. छपाई व्हायची होती म्हणून नुकसान चार तासांचं. आता मारियाडीबी हा डेटाबेस वेगळा, त्याचा डेटा सर्व्हरच्या डिस्कवर, रोज रात्री डंप आणि त्याची प्रत दुसऱ्या जागी. आज मुद्दाम कंटेनर काढून परत चालू करून पाहिला. लिंक जागेवर.

११ डिसेंबर

छोट्या लिंकच्या शेवटी येणारे कोड कसे असावेत? श्लिंकने आपणहून दिलेले पाच अक्षरी कोड क्यूआरला चालतील, पण फोनवर सांगायला भयंकर. 'बी' म्हटलं की पलीकडे 'डी' ऐकू येतं, 'पी' म्हटलं की 'टी'. शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल हे कागदावरही सारखेच. म्हणून कोड चार आकडी: १००० ते १९९९ बागेचे लॉट, २००० पासून ऑर्डर आणि चौकशी, ९००० पासून तक्रार. आजोबासुद्धा 'अठरा बारा' असं सांगू शकतात.

आकड्यांचा तोटा हा की कुणीही १८१२ ऐवजी १८१३ टाकून पाहू शकतो. या पानांवर गुप्त काही नाही, म्हणून चालतं. ग्राहकाचं नाव-पत्ता असलेलं पान अशा कोडमागे कधीही ठेवू नये.

कोडमध्ये 'हापूस' असं देवनागरीत लिहायची सूचना आली होती. दिसायला छान. पण लिंक कॉपी करून चिकटवली की या शब्दातल्या पाच चिन्हांची टक्केवाली ४५ अक्षरं होतात. बाद.

चुकीचा कोड आणि नुसतं डोमेन, दोन्हींसाठी श्लिंकमध्ये ठरावीक पान देता येतं. ते मुख्य साइटवर वळवलं.

१८ डिसेंबर

क्यूआरचा हिशेब. पूर्ण लिंक: 'एचटीटीपीएस' आणि चिन्हं मिळून ८, डोमेन ९, स्लॅश १, कोड ४. एकूण २२ अक्षरं. दुरुस्तीची पातळी एम (सुमारे १५ टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो) ठेवली तर ही आवृत्ती २ मध्ये, म्हणजे २५ बाय २५ चौकटींत बसते. पण पेटीवर पेंढा, ओल, दोरीचा घासा. पातळी क्यू, म्हणजे २५ टक्के हवी. तिथे आवृत्ती २ मध्ये फक्त २० अक्षरं मावतात.

यावर एक हुशारी सुचली. लिंक संपूर्ण मोठ्या लिपीत दिली तर क्यूआर ती आटोपशीर पद्धतीने साठवतो आणि तीच आवृत्ती २ क्यू पातळीवर २९ अक्षरं घेते. डोमेनला मोठी-छोटी लिपी सारखीच, आणि आपले कोड आकडी, म्हणजे कोडची अडचणच नाही. अर्धा दिवस यात घातला. एका जुन्या फोनमधल्या स्कॅनर अ‍ॅपने मोठ्या लिपीतली लिंक उघडण्याऐवजी नुसता मजकूर म्हणून दाखवली. ग्राहकांच्या हातात कुठले फोन असतील सांगता येत नाही. हुशारी सोडली, छोटी लिपी आणि आवृत्ती ३ घेतली: २९ बाय २९, क्यू पातळीला ३२ अक्षरांपर्यंत जागा. चार चौकटी वाढल्या, एवढंच.

६ जानेवारी २०२६

व्हॉट्सअ‍ॅप चौकशीची लिंक. आधीच्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपचीच लिंक थेट क्यूआरमध्ये भरली होती, तयार संदेशासह: 'नमस्कार, हापूसच्या पेटीची चौकशी करायची आहे.' देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, लिंकमध्ये नऊ अक्षरं खातं. ३६ चिन्हांची ३२४ अक्षरं, स्वल्पविराम-मोकळ्या जागा आणि नंबर धरून एकूण ३७५. एम पातळीवरसुद्धा आवृत्ती १५ लागते: ७७ बाय ७७ चौकटी. २ सेंटीमीटरच्या स्टिकरवर, भोवतीची पांढरी पट्टी धरून, एक चौकट पाव मिलिमीटरहूनही लहान. कार्डावर कसाबसा वाचला जायचा, पेटीवर नाहीच.

आता क्यूआरमध्ये २२ अक्षरांची छोटी लिंक, आणि ती ३७५ अक्षरांच्या लिंकवर नेते. संदेशाचा मजकूर किंवा नंबर बदलला तरी स्टिकर तोच. थेट व्हॉट्सअ‍ॅपची लिंक छापण्यात हा दुसरा धोका: हंगामात ऑर्डर घेणारा माणूस बदलला की नंबर बदलतो.

१४ जानेवारी

स्टिकरचं प्रूफ. निम्मे क्यूआर वाचायला वेळ घेतात, तीन वाचलेच नाहीत. दोष लिंकचा नाही, प्रिंटरचा. लेबल प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. डिझाइनमध्ये क्यूआर पांढऱ्या पट्टीसह २२ मिलिमीटरचा ठेवला होता. एका चौकटीला ४.७५ ठिपके येतात, प्रिंटर काही चौकटी चार ठिपक्यांच्या आणि काही पाचच्या छापतो, कडा वाकड्या होतात.

उपाय: चौकट बरोबर ५ ठिपक्यांची. क्यूआर १८.१ मिलिमीटर, चारही बाजूंना चार-चार चौकटींची पांढरी जागा धरून २३.१. स्टिकर २५ मिलिमीटरचा केला. डिझायनरने पांढऱ्या जागेत आंब्याचं पान सरकवलं होतं, ते काढायला लावलं. क्यूआरखाली लिंक अक्षरांतही छापली, कारण ओला क्यूआर वाचला नाही तर माणूस हाताने टाकू शकतो. वाया गेलेला रोल: १,००० स्टिकर.

तपासताना पडद्यावरून स्कॅन करून खूश होऊ नये. पेटीवर चिकटवून, गोदामातल्या उजेडात, स्वस्तातल्या फोनने करावं.

१६ जानेवारी

रिडायरेक्टची साखळी. छोटी लिंक → साइटचा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय → डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह → शेवटी स्लॅशसह. तीन उड्या. कर्लने (लिंक तपासायच्या टूलने) हेडर पाहिले तेव्हा दिसलं. कोकणात नेटवर्क एका काडीवर असताना प्रत्येक उडी जाणवते. वर साइटच्या जुन्या नियमात यूटीएमचे (लिंकला जोडलेले, माणूस कुठून आला ते सांगणारे) शब्द गळून पडत होते, म्हणून अ‍ॅनालिटिक्समध्ये पेटीवरचे लोक 'थेट आलेले' दिसत होते. ६० ही लिंकना शेवटचा, नेमका पत्ता दिला. यूटीएमची नावं सगळी छोट्या लिपीत, कारण 'पेटी' एकदा मोठ्या आणि एकदा छोट्या लिपीत टाइप केली की अहवालात दोन वेगळ्या ओळी होतात.

२८ जानेवारी

एसएमएस. मराठी एसएमएसला एका भागात ७० अक्षरं, इंग्रजीला १६०. सत्तरच्या वर गेलं की ६७-६७ चे भाग आणि प्रत्येकाचे वेगळे पैसे. मजकूर: 'तुमची पेटी आज निघाली. कुठवर आली ते इथे पाहा:' ही ४४ अक्षरं, एक जागा, २२ ची लिंक. झाले ६७. उरलेल्या तीन जागांत विक्रेत्याचं नाव बसेना. पुढची, 'एचटीटीपीएस' आणि चिन्हांची, आठ अक्षरं गाळून नुसतं डोमेन आणि कोड ठेवला, ५९ झाले, नाव बसलं. आमच्याकडच्या सहाही फोनवर ती लिंक दाबता येते.

इथे टूलच्या निवडीला खरी कात्री लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) आदेशानुसार डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेवर) आधी नोंदवलेल्या नसलेल्या लिंकचे संदेश कंपन्या पुढे सोडत नाहीत. म्हणून ग्राहकागणिक वेगळी लिंक न करता एकच ठरावीक लिंक ठेवली. ती एका पानावर नेते, तिथे ग्राहक मोबाइल नंबर टाकून आपली पेटी शोधतो. टेम्प्लेटमध्ये (नोंदवलेल्या मजकुराच्या साच्यात) बदलता भाग नाही, त्यामुळे कटकट कमी.

तरी सहा दिवस गेले. नोंदवताना लिंक पूर्ण टाकली होती, संदेशात पुढची आठ अक्षरं गाळलेली. मजकूर अक्षरशः जुळत नाही म्हणून संदेश अडले. टेम्प्लेट पुन्हा नोंदवावं लागलं. आधी अंतिम मजकूर पक्का करा, मग नोंदवा, आणि पाठवताना तिथूनच कॉपी करा.

१२ फेब्रुवारी

सर्टिफिकेट ५ डिसेंबरचं, ९० दिवसांचं. शेवटचे ३० दिवस उरले की आपोआप नवीन व्हायला हवं. नोंदी पाहिल्या तर आठवडाभर रोज अपयश. जानेवारीत फायरवॉल आवळताना ८० क्रमांकाचं पोर्ट (सर्व्हरचं साध्या जोडणीचं दार) बंद केलं होतं, आणि आमची पडताळणी त्याच दारातून होते. शिवाय एसएमएसमधली लिंक पुढच्या आठ अक्षरांशिवाय, ती दाबली की बरेच फोन आधी ८० वरच येतात! म्हणजे लिंकही काही फोनवर बंद असणार.

लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे ईमेल जून २०२५ पासून बंद केले आहेत. त्या ईमेलच्या भरवशावर राहू नका. पोर्ट उघडलं, सर्टिफिकेट नवं झालं. पाळत ठेवणाऱ्या सेवेत तीन तपासण्या लावल्या: सर्टिफिकेटला किती दिवस उरले, ८० आणि ४४३ (सुरक्षित जोडणीचं) ही दोन्ही पोर्ट उघडी आहेत का, आणि लिंक क्रमांक २००१ बरोबर त्याच पत्त्यावर नेते का. नुसतं 'सर्व्हर चालू आहे' तपासून उपयोग नाही. श्लिंक चालू असूनही चुकीच्या कोडच्या पानावर नेऊ शकतं.

२० फेब्रुवारी

श्लिंक पडलं तर? ६० लिंक म्हणजे खरं तर एक मजकुराची फाइल. रोज रात्री एक स्क्रिप्ट श्लिंकच्या एपीआयकडून (प्रोग्रॅमने माहिती मागायच्या सोयीतून) यादी घेते, एनजिनएक्सच्या मॅप फाइलमध्ये 'कोड, पत्ता' अशा ओळी लिहिते, एनजिनएक्सची चाचणी करते आणि चाचणी पास झाली तरच रीलोड. श्लिंककडून उत्तर आलं नाही, म्हणजे ५०२ ही चूक आली, की एनजिनएक्स स्वतः त्या फाइलवरून ३०२ देतं.

खरं सांगायचं तर क्लिक मोजायचे नसते तर ही फाइलच पुरली असती, श्लिंक नको, डेटाबेस नको. पण ऑफिसमधल्या माणसाला लॉटचं पान बदलायला खिडकी लागते, सर्व्हरवर जाऊन फाइल लिहायला तो तयार नाही. त्याचंही बरोबर आहे.

९ मार्च

पहिल्या पेट्या निघाल्या. तीन दिवसांत चौकशीच्या लिंकवर २१४ क्लिक, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चौकश्या ६२. विक्रेता म्हणाला, 'बाकीचे दीडशे लोक गेले कुठे?' ते लोक नव्हतेच बहुतेक. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी चिकटवली की झलक दाखवण्यासाठी पाठवणाऱ्याचा फोन ती एकदा उघडून पाहतो. फेसबुकचाही बॉट (आपोआप पानं उघडणारा प्रोग्रॅम) येतो, आणि कंपन्यांच्या ईमेलमधले सुरक्षा तपासनीस तर प्रत्येक लिंक दाबतात. श्लिंक अशा भेटींवर 'बॉट असावा' अशी खूण करतं. त्या वगळल्यावर ९१ उरले. अहवालात आता तोच आकडा जातो.

गावागणिक क्लिकचा नकाशाही मागितला होता. मोबाइल इंटरनेटचा आयपी कंपनीच्या मोठ्या केंद्राचा दिसतो, त्यामुळे सांगलीचा ग्राहक मुंबईचा म्हणून येतो. तो नकाशा अहवालातून काढला. गाव हवं असेल तर लॉटचा कोड आणि पाठवणीचा पिनकोड जुळवा.

१९ मार्च

दुपारी गिऱ्हाईक कमी असताना श्लिंक मुद्दाम बंद करून पाहिलं. ६० पैकी ५९ लिंक फाइलवरून चालल्या. एक, सकाळी अकराला जोडलेली १०४१, चालली नाही, कारण फाइल रात्रीच बनते. स्क्रिप्ट आता दर १५ मिनिटांनी चालते. १०४१ चं स्टिकर तोवर ७० पेट्यांवर लागलं होतं.

आतापर्यंतचा खर्च: डोमेन ४,००० (पाच वर्षं), सर्व्हर चार महिन्यांचे २,०००, वाया गेलेला स्टिकरचा रोल, आणि सुमारे ५५ तास. त्यातले निम्मे तास ३०१, एसक्यूलाइट आणि डीएलटीच्या आठ अक्षरांनी खाल्ले.

उरलेलं काम: हंगाम संपल्यावर लॉटच्या चाळीस लिंक बंद करायच्या नाहीत, 'पुढच्या वर्षीची नोंदणी'कडे वळवायच्या. पेटी घरात डबा म्हणून वर्षभर राहते.